चूळ, भुरका आणि माल्बेक: अर्जेंटिनाची लाल वाइन चाखायची कशी

बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर छापलं होतं: ब्लॅकबेरी, व्हायोलेट, सिडार. यातलं एकही मी तोवर हुंगलेलं नव्हतं. ग्लासात नाक खुपसून बराच वेळ व्हायोलेट शोधलं, सापडलं नाही, तेव्हा हे आपलं काम नव्हे असं ठरवून उरलेली वाइन नुसती पिऊन टाकली. पुढे एका रविवारी मामी घरी आली होती. ती पीत नाही. "मामी, नुसता वास घेऊन बघ," म्हटलं, तर तिने ग्लास नाकाशी नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अरे, जांभळं आणून दोन दिवस टोपलीत विसरली की येतो ना, तसा वास येतोय. आणि लवंग घातलीय का रे यात?"

लवंग कुणी घातलेली नव्हती, पण मामीचं नाक बरोबर होतं. ती वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली होती. पिंप बनवताना ते आतून आगीवर शेकतात, आणि शेकलेल्या ओकमधून युजेनॉल नावाचं द्रव्य वाइनमध्ये उतरतं. लवंगेला तिचा वास देणारं द्रव्यही युजेनॉलच. तेव्हापासून कुणी नवखं विचारायला आलं की माझी पहिली सूचना ठरलेली आहे: मागची चिठ्ठी सगळ्यात शेवटी वाचा. मिसळणाच्या डब्याने आणि उन्हाळ्यातल्या रानमेव्याने आपल्या नाकाला पुष्कळ शिकवून ठेवलेलं असतं, त्याला आधी बोलू द्या.

इथे मी अर्जेंटिनाची माल्बेक, म्हणजे याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, धरून चाललो आहे. दक्षिण अमेरिकेच्या भरदार लाल वाइनमध्ये नवख्याला सगळ्यात लवकर जवळ करते ती हीच. भरदार म्हणजे काय ते तोंडात कळतं. वरणावरचं निवळ पाणी एक घोट घ्या आणि मग तळाचं घोटलेलं वरण घ्या. जिभेवर जो वजनाचा फरक पडतो, त्याला वाइनवाले 'बॉडी' म्हणतात. अल्कोहोल, सालीतून उतरलेला तुरटपणा आणि रसातला बाकी ऐवज मिळून ती बॉडी तयार होते. माल्बेकमध्ये अल्कोहोल बहुधा साडेतेरा ते पंधरा टक्के असतं, त्यामुळे वजन भरपूर, पण तुरटपणा मात्र तोंड वाकडं करणारा नसतो.

आधी थोडं द्राक्षाबद्दल

माल्बेक मूळचं फ्रान्सच्या नैऋत्येचं. तिथल्या काओर गावची वाइन इतकी गडद असे की तिला 'काळी वाइन' म्हणत. मिशेल एमे पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५०च्या दशकात अर्जेंटिनाच्या मेंडोसा प्रांतात फ्रान्समधली द्राक्षं आणून लावली, त्यांत माल्बेक होतं. तिथल्या शेतकी शाळेचा आणि रोपवाटिकेचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी मांडला गेला होता, म्हणून हल्ली १७ एप्रिल हा जागतिक माल्बेक दिन मानतात. इकडे फ्रान्समध्ये आधी मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने आणि मग १९५६च्या हिवाळ्यातल्या कडाक्याच्या गोठणीने माल्बेकच्या बागाच्या बागा गेल्या. माहेरी हाल झाले, सासरी मात्र नांदली अशी ही गोष्ट आहे.

सासर कसं आहे हेही बघा, कारण ग्लासात जे येतं त्याचा उगम तिथे आहे. मेंडोसा अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, पर्वताच्या पूर्वेला. पॅसिफिकवरून येणारे ढग पर्वताच्या पलीकडे चिलीच्या बाजूलाच रिकामे होतात, त्यामुळे इथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरात आषाढातल्या एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. बागा जगतात त्या अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी 'असेकिया' नावाच्या पाटांमधून येतं आणि ही पाटांची पद्धत स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथल्या वार्पे लोकांची. कोरड्या हवेत बुरशी कमी, पण गारपिटीची धास्ती मोठी. अनेक बागांवर त्यासाठी जाळ्या टाकलेल्या असतात. आपल्या द्राक्षबागायतदाराला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

आणि उंची. लुहान दे कुयो भागातल्या बागा साधारण हजार मीटरच्या आसपास, उको खोऱ्यातल्या वरच्या बागा दीड हजारापर्यंत, तर उत्तरेला साल्टा प्रांतात कफायाते इथल्या बागा सतराशेच्या घरात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे अंदाज येईल. एवढ्या उंचीवर दिवसा ऊन जाळतं आणि रात्री थंडी पडते. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव म्हणून द्राक्षाची साल जाड होते, तिच्यात रंग जास्त साठतो. थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. गडद रंग आणि तरीही ताजेपणा, ही जोडी तिथून येते.

बाटली घेताना

'वाइन्स' अशी पाटी असलेल्या आपल्याकडच्या दुकानात सगळ्यात कमी काय असेल तर वाइन. असो. जिथे मिळेल तिथे लेबलावर माल्बेक हे द्राक्षाचं नाव, मेंडोसा किंवा त्याहून नेमका भाग, आणि साल एवढं बघा. साधी माल्बेक तीन-चार वर्षांच्या आत प्यायलेली बरी. 'रेसेर्वा' लिहिलेलं असेल तर अर्जेंटिनाच्या नियमाप्रमाणे ती लाल वाइन किमान १ वर्ष मुरवलेली असते, 'ग्रान रेसेर्वा' असेल तर किमान २ वर्षं. 'रोब्ले' म्हणजे ओक, लाकडाचा हात लागलेली. पहिल्या वेळी मी मधली, रेसेर्वा दर्जाची बाटली सुचवेन. अगदी स्वस्तात फळ असतं पण खोली नसते, आणि फार महागाची घेतली तर तिच्यात काय चांगलं आहे ते ओळखण्याएवढा सराव अजून झालेला नसतो.

सालाबद्दल एक गंमत. अर्जेंटिना दक्षिण गोलार्धात, त्यामुळे द्राक्षतोड फेब्रुवारी ते एप्रिल. युरोपात ती सप्टेंबरच्या सुमारास होते. म्हणजे लेबलावर साल तेच असलं तरी मेंडोसाची बाटली युरोपच्या बाटलीपेक्षा सहा महिन्यांनी मोठी. आपल्या नाशिकचा हंगामही जानेवारी ते मार्च, पण त्याचं कारण वेगळं: आपल्याकडे छाटणीच अशी धरतात की पीक पावसाळा टाळून कोरड्या दिवसांत तयार होतं.

दुकानातल्या काचेच्या दर्शनी कपाटातली, उन्हात उभी असलेली बाटली मात्र घेऊ नका. मी एकदा घेतली. दुकानदाराने वरची धूळ फडक्याने पुसून दिली, तेव्हाच शंका यायला हवी होती. उघडली तर ताज्या फळाचा मागमूस नाही. करपलेला जॅम आणि खाली शेंगदाण्याच्या जुनाट कूटासारखा वास. उकडून निघालेल्या वाइनचं काही करता येत नाही. आतल्या, अंधाऱ्या फळीवरची मागा आणि बूच वर आलेलं नाही ना, बघा.

आयात करामुळे या बाटल्या आपल्याकडे महाग पडतात, तेव्हा चौघांनी मिळून घ्या. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत चाखण्यापुरते ५०-६० मिलिलिटरचे बारा ते पंधरा घोट-ग्लास निघतात. चौघं असले की एक मोठा फायदा होतो: एकाला जे नाव सुचत नाही, ते दुसऱ्याला सुचतं.

थंड करा, होय, लाल असली तरी

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हे वाक्य युरोपातल्या गारठलेल्या घरांतून आलं आहे. माल्बेकला १६ ते १८ अंश हवेत. मे महिन्यात पुण्याच्या स्वयंपाकघरात ३४ अंश असतात; त्या तापमानाला वाइन उघडली तर पहिल्यांदा नाकात स्पिरिट घुसतं आणि बाकीचं सगळं त्याच्यामागे लपतं. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून दहा-बारा मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं. फार गार झाली तर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो, पण त्याला उपाय सोपा आहे. ग्लास तळव्यांत धरून बसा.

ग्लास दांडीचा, पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता. महागाचा नसला तरी चालेल, स्वच्छ हवा. ओल्या फडक्याचा किंवा भांडी घासायच्या साबणाचा वास ग्लासात राहिला तर तुम्ही तोच चाखत बसाल, म्हणून आधी रिकामा ग्लास हुंगा. घरात त्या वेळी उदबत्ती नको, फोडणी नको, अंगाला अत्तर नको. जेवणानंतरची बडीशेप, पान, तंबाखू यांनी जीभ तासभर तरी दुसऱ्या कशाची राहत नाही.

बाटली उघडून तरुण माल्बेक अर्धा तास काचेच्या जगमध्ये ओतून ठेवलीत तर ती मोकळी होते. पण पहिला घोट ओतल्या ओतल्या घ्या आणि लक्षात ठेवा. अर्ध्या तासाने किती बदलली ते कळायला हवं.

बघा

ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. मध्यभागी माल्बेक जवळजवळ काळी दिसेल, छापील अक्षरं आरपार वाचता येणार नाहीत. खरी मजा कडेला आहे. तरुण माल्बेकच्या कडेला जांभळट-गुलाबी छटा असते, जांभळं खाल्ल्यावर जिभेला येते तशी. वय वाढतं तसा तो जांभळेपणा जातो आणि कड आमसुलासारखी तपकिरी-लाल होत जाते. तीन वर्षांच्या बाटलीची कड विटकरी दिसली तर तिचा सांभाळ नीट झालेला नाही असं समजा.

ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात. त्यांच्याकडे बघून लोक 'वा, काय वाइन आहे' म्हणतात. ओघळांवरून फार तर अल्कोहोल किती असेल याचा अंदाज येतो, चांगल्या-वाईटाचा नाही.

हुंगा

हा सगळ्यात मोठा भाग, इथे वेळ घालवा. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग टेबलावरच गोल फिरवा, म्हणजे सांडणार नाही, आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. नाक लवकर थकतं. थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा या.

मोठ्या प्रश्नाकडून लहानाकडे या. फळ आहे का? असेल तर तांबडं की काळं? काळं असेल तर कोणतं: जांभूळ, करवंद, तुती, आलुबुखार? ताजं, पिकून लिबलिबीत झालेलं, की वाळवलेलं? थंड, उंच भागातली माल्बेक करवंदाकडे झुकते, गरम भागातली मनुकांकडे. मग लाकूड. व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी, कोको हे सगळं शेकलेल्या पिंपाचं. खोबऱ्याचा गोडसर वास आला तर पिंप अमेरिकन ओकचं असण्याची शक्यता बरीच. जुन्या बाटलीत तपकीर, चामडं, ओली माती असं उतरत जातं. नव्या कोल्हापुरी चपलांचा वास आठवला तर बिनधास्त लिहा. व्हायोलेटची गोष्टही खोटी नाही, चांगल्या माल्बेकमध्ये एक फुलाचा, किंचित पावडरीसारखा वास असतो. त्याला तुम्ही व्हायोलेट म्हटलंच पाहिजे असं मात्र काही नाही.

ओल्या, बंद खोलीतल्या रद्दीचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला आणि फळ अजिबात नाही, तर बूच खराब निघालंय. हा दोष बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्याचा. अपाय नाही, पण मजाही नाही.

आता तोंडात

शिष्टाचार बाजूला ठेवा. कढीचा भुरका मारतो तसा आवाज करत, थोडी हवा ओढत घोट घ्या. मग चूळ भरल्यासारखी वाइन तोंडभर फिरवा: हिरड्यांवरून, गालांच्या आतून, जिभेखालून. हवा ओढल्याने वास घशामागच्या वाटेने पुन्हा नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं तिथेच ठरतं. शंका असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. जांभूळ गायब होईल. उरेल फक्त आंबट, तुरट आणि ऊब.

इथे मराठी जिभेची बाजू भक्कम आहे. 'तुरट' हा शब्द आपल्याला लहानपणापासून आवळ्याने, सुपारीने, कच्च्या केळ्याने शिकवलेला आहे. वाइनवाले ज्याला टॅनिन म्हणतात ते हेच. ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. नवखे लोक तुरट आणि आंबट यांत गोंधळतात. खूण सोपी आहे: आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड सुकतं. घोट घेतल्यावर दोन्ही होत असेल तर दोन्ही आहे, आणि चांगल्या माल्बेकमध्ये दोन्ही असतंच.

खात्री नसेल तर बाटली उघडायच्या आधी फुकटचा सराव करा. एकाच चहापत्तीचे दोन कप कोरा चहा करा, एक मिनिटभर मुरवलेला, दुसरा आठ मिनिटं. निवल्यावर बिनसाखरेचा प्या. दुसऱ्याने हिरड्यांना जे होतं तो तुरटपणा. पहिल्यात लिंबू पिळा. जबड्याखाली जे सुटतं तो आंबटपणा. ही दोन टोकं जिभेला ओळखीची झाली की वाइनमध्ये ती वेगळी काढता येतात. माल्बेकचा तुरटपणा बहुधा मखमली असतो, पिकलेल्या जांभळाच्या गराइतका. आवळ्याइतका जबर लागला तर वाइन वयाने फार लहान आहे किंवा फार गार.

गोड लागते म्हणाल, तर बहुतेक माल्बेक कोरडी असते, म्हणजे साखर नावापुरतीच. पिकल्या फळाचा वास आणि व्हॅनिला नाकात गेला की मेंदू परस्पर गोड ठरवतो. पुन्हा नाक धरून बघा.

घोट गिळला, किंवा थुंकला, की मनात आकडे मोजा. फळाची चव पाच मोजेपर्यंत विरली तर साधी वाइन. पंधरा-वीसपर्यंत राहिली आणि शेवटपर्यंत चांगलीच लागली, तर पैसे वसूल. फक्त जळजळ उरली तर अल्कोहोल बाकीच्यांपेक्षा वरचढ झालंय. थुंकायला एक पातेलं ठेवाच. चाखणारे सगळीकडे थुंकतात, त्यात काही कमीपणा नाही. पाच-सहा बाटल्या चाखायच्या आणि गाडी चालवून घरी जायचं असेल तर दुसरा मार्गही नाही. दोन ओळी लिहून ठेवा, आपल्या शब्दांत. आणि आता बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचा.

शेजारच्या दोघी

माल्बेकची ओळख झाली की तिच्याशेजारी चिलीची कार्मेनेर ठेवून बघा. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या बोर्दो भागाचं. चिलीत ते वर्षानुवर्षं मर्लो नावाचं दुसरं द्राक्ष समजून लावलं, तोडलं आणि विकलं जात होतं. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी जाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने ते ओळखलं. तुम्हाला ओळखायला सोपं आहे: ढोबळी मिरची चिरताना येतो तो हिरवा वास. पायराझिन नावाच्या द्रव्यांचा हा वास, मिरचीतही तोच. काहींना तो दोष वाटतो. मला थोडा असला तर आवडतो, फार असला तर भाजी आठवते.

उरुग्वेची तनात मात्र सावकाश घ्या. पास्कुआल आरियागे या बास्क माणसाने १८७०च्या दशकात तिकडे ती रुजवली. नावातच टॅनिन आहे म्हणा. तुरटपणाची ताकद काय असते ते कळायला तनातसारखी दुसरी शिकवणी नाही, पण पहिली बाटली म्हणून नको.

बरोबर काय खायचं

अर्जेंटिनात माल्बेक 'असादो'बरोबर पितात, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेलं मांस, मुख्यतः गोमांस. मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, त्यामुळे वाइन मऊ लागते आणि पुढचा घास हलका. आपल्याकडे हे गणित निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाशी जुळतं, कमी तिखटाच्या सुक्या मटणाशी जुळतं, आणि चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरताशी तर फारच छान, कारण धुरकट वास दोघांकडे आहे. भरतात मिरची हात आखडून घाला.

तांबड्या रश्शाबरोबर घेऊ नका. तिखट आणि पंधरा टक्के अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. दोन घासांत वाइनही कळत नाही आणि रस्साही. मासळीबरोबर लाल वाइन तोंडात लोखंडी चव आणू शकते, तेव्हा पापलेटच्या दिवशी माल्बेकला सुट्टी.

उरलेल्या बाटलीला बूच लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस चालते. दुसऱ्या दिवशीची मुद्दाम चाखा. तुरटपणा उतरलेला असतो आणि कधीकधी फळ आदल्या दिवसापेक्षा पुढे आलेलं असतं. चौथ्या दिवशी व्हिनेगरची झाक आली की मटण मुरवायला वापरा. एका किलोला वाटीभर पुरते, आणि त्या दिवशी मुरवणात दही घालू नका.